वाचकांचे प्रश्न : राजकीय पोस्टवरून स्वभाव ओळखता येतो का?

निवडणुकीचा हंगाम सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो, असा माझा अनुभव आहे. एरवी मुलांचा अभ्यास, घरातील ताणतणाव आणि निवृत्तीनंतरचे रिकामपण यांविषयी लिहिणाऱ्या वाचकांनी या वेळी भावी जावयाच्या, जुन्या मित्राच्या किंवा नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराच्या राजकीय पोस्ट वाचून ‘हा माणूस मुळात कसा असेल’ असे विचारले आहे. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. लेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली असून पहिल्या पत्रातील काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची असून बँकेत नोकरीला आहे. तिच्यासाठी अमरावतीचे एक स्थळ सांगून आले आहे. मुलगा अभियंता आहे, घरचे लोक सालस आहेत, पत्रिकेत ३६ पैकी २६ गुण जुळतात आणि दोघे दोनदा भेटून बोललेही आहेत. मुलीला तो पसंत आहे. मात्र माझ्या पुतण्याने त्याचे फेसबुक आणि एक्सवरील लेखन काढून दाखविले तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तो राजकारणावर फार तिखट लिहितो आणि विरोधी मताच्या लोकांना ‘विकले गेलेले’, ‘मेंदू गहाण ठेवलेले’ अशी विशेषणे लावतो. असा मुलगा उद्या घरात बायकोशी कसा वागेल? सोबत १४ पोस्टच्या रंगीत प्रती जोडल्या असून आक्षेपार्ह शब्द लाल शाईने अधोरेखित केले आहेत. त्यावरून त्याच्या स्वभावाचे निदान करून कळवावे, ही विनंती.
— एक पिता, प्रतापनगर

उत्तर : आपण मागितलेले निदान मी करणार नाही, हे आधीच सांगते. ज्याला मी कधी भेटले नाही आणि ज्याने मला काही विचारलेले नाही, त्याच्या स्वभावाचा दाखला देणे माझ्या व्यवसायाच्या मर्यादेत बसत नाही. तरीही आपण पाठविलेली १४ पाने मी दोनदा वाचली, कारण पट्टी लावून सरळ ओढलेल्या त्या लाल रेघांमागची काळजी मला दिसत होती. त्या पानांत काय आहे, एवढे मात्र सांगता येईल.

१४ पैकी ९ पोस्ट त्याने लिहिलेल्याच नाहीत. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी असून त्याने जशाच्या तशा पुढे पाठविल्या आहेत. दोन ठिकाणी बातमीचे कात्रण आणि त्यावर एका ओळीचा शेरा आहे. त्याचे स्वतःचे म्हणावे असे लेखन फक्त तीन पानांवर आहे. आपण ओढलेल्या २२ रेघांपैकी १७ रेघा इतरांच्या शब्दांखाली आहेत आणि ‘मेंदू गहाण ठेवलेले’ हा आपल्याला सर्वाधिक झोंबलेला शब्दप्रयोगही त्यांतलाच आहे. शिवाय ११ पोस्ट मतदानाच्या आगेमागे तीन आठवड्यांतल्या आहेत. उरलेल्या वर्षभराचे लेखन आपल्या पुतण्याने पाहिले की नाही, ते पत्रावरून कळत नाही.

आता बारावे पान पुन्हा काढून पाहावे. रस्त्यांच्या काँक्रीटीकरणावर झालेल्या खर्चाविषयी त्याने दोन परिच्छेद लिहिले आहेत आणि खाली एका अनोळखी माणसाने आकडा चुकीचा असल्याचे काहीशा उर्मट शब्दांत दाखवून दिले आहे. त्यावर याने लिहिले आहे : ‘बरोबर आहे, आकडा माझा चुकला. मुद्दा मात्र सोडत नाही.’ पोस्ट त्याने काढून टाकलेली नाही. या दोन वाक्यांखाली आपली लाल रेघ नाही, आणि ती नसणे स्वाभाविक आहे, कारण आपण दोष शोधायला बसला होता. मी मात्र या १४ पानांतून एकच पान ठेवा असे कोणी सांगितले, तर तेच ठेवीन. त्यावरून तो शांत, समजूतदार ठरतो असे माझे म्हणणे नाही. एका नोंदीवरून सद्गुणही सिद्ध होत नाही. परंतु चारचौघांत चूक दाखविली गेल्यावर माणूस काय करतो, याची ती प्रत्यक्ष नोंद आहे, आणि उरलेल्या १३ पानांत अशी नोंद नाही.

शब्दांवरून थेट स्वभावाकडे उडी मारण्याची आपली सवय किती पक्की असते, याचा एक जुना प्रयोग येथे सांगायला हवा. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध विद्यार्थ्यांना वाचायला दिले. निबंध लिहिणाऱ्याला बाजू निवडण्याची मुभा नव्हती, ती त्याला नेमून दिलेली होती, असे स्पष्ट सांगितल्यावरसुद्धा वाचणाऱ्यांनी असे अनुमान काढले, की कॅस्ट्रोची बाजू मांडणारा मनातूनही थोडाफार त्यांच्याच बाजूचा असणार. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या प्रवृत्तीला शास्त्रीय नाव दिले; साध्या मराठीत तिला प्रसंगाचे माप स्वभावाच्या पदरात टाकणे म्हणता येईल.

मला हा प्रयोग शिकवावा लागला तेव्हा नवल वाटले नाही, कारण तो माझ्यावर आधीच होऊन गेला होता. महाविद्यालयात असताना एका वादविवाद स्पर्धेत वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर मला चिठ्ठीने विरोधाची बाजू आली. आमच्या घरी वेगळ्या विदर्भावाचून जेवण उतरत नसे, तरीही मी तावातावाने बोलले आणि फिरता करंडक घेऊन घरी आले. त्यानंतर कितीतरी दिवस गोकुळपेठ बाजारात माझ्या वडिलांना त्यांचे एक स्नेही विचारत असत, ‘तुमची पोरगी विदर्भाच्या विरोधात गेली म्हणे? काऊन जी?’ चिठ्ठीचा खुलासा वडिलांनी दर वेळी केला; त्यांच्या स्नेह्यांनी तो एकदाही मनावर घेतला नाही.

समाजमाध्यमांवर अशी चिठ्ठी कोणी हातात देत नाही, हे खरे. पण तेथेही बाजू आणि सूर पुष्कळदा प्रसंगच ठरवितो. २०१७ साली विल्यम ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदूक-नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची साडेपाच लाखांहून अधिक ट्विटे तपासली. नीती आणि भावना या दोहोंना एकदम हात घालणारा प्रत्येक जादा शब्द ट्विटाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवीत होता. ‘धोरण सदोष आहे’ हे वाक्य जेथल्या तेथे राहते आणि ‘लाज सोडलेल्यांचे धोरण’ गावभर फिरते. तेव्हा आपल्या पुतण्याच्या नजरेला जे पडले, ते त्या मुलाच्या लेखनातले मुळातच अधिक फिरलेले, म्हणजे अधिक तिखट, असण्याची शक्यता मोठी आहे.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगते. पोस्टमध्ये काही गोष्टी अशा असतात, की त्यांना मत म्हणून सोडून देता येत नाही. एखाद्या स्त्रीच्या चारित्र्यावर किंवा शरीरावर केलेला शेरा, धमकी, एकाच व्यक्तीचा दिवसेंदिवस केलेला पिच्छा, कोणाचा खासगी क्रमांक किंवा छायाचित्र उघड करणे, हे सगळे वर्तन आहे आणि वर्तन म्हणूनच ते मोजावे. आपण पाठविलेल्या १४ पानांत यांपैकी काहीही नाही. असते, तर माझे उत्तर एका ओळीचे झाले असते.

आपल्याला एक उद्योग सुचविते. त्याच्या स्वतःच्या तीन पानांवर पक्षाची आणि नेत्यांची नावे कागदाच्या पट्टीने झाका, तेथे आपल्याला नावडणारी नावे घाला आणि पुन्हा वाचा. टोचणी तेवढीच राहिली तर ती भाषेची आहे. कमी झाली तर ती कशाची होती, ते आपल्याला कळेल आणि मला कळविण्याची गरज नाही. दुसरे म्हणजे, ही पाने मुलीने पाहिली आहेत किंवा नाहीत, हे आपल्या चार पानी पत्रात कोठेही आलेले नाही. ती तिला द्या. तिसऱ्या भेटीत तिने त्याला विचारावे, की तुझ्या घरी तुझ्या उलट मत देणारा कोणी आहे का आणि त्याच्याशी तुझे बोलणे कसे होते. संसार तिला करायचा आहे आणि दोन भेटींची माहिती आपल्यापेक्षा तिच्याकडे अधिक आहे.

प्रश्न : मी मिहानमधील एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. उमेदवाराच्या सार्वजनिक पोस्ट वाचून त्याच्या स्वभावाचा अहवाल देणारे एक सॉफ्टवेअर घेण्याचा वरिष्ठांचा विचार आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार हे तंत्र संशोधनाने सिद्ध झालेले असून राजकीय पोस्टवरून तर माणूस ‘आरपार’ दिसतो. मी स्वतःचेच खाते त्यात घालून पाहिले, तेव्हा आलेला अहवाल मला अगदी तंतोतंत वाटला. यावर विसंबावे का? आणि हे कायद्यात बसते का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : संशोधन खरे आहे, पण विक्रेता त्यातून जे काढतो आहे ते त्यात नाही. २०१३ साली मिखाल कोसिन्स्की, डेव्हिड स्टिलवेल आणि थोरे ग्रेपेल यांनी ५८,००० हून अधिक स्वयंसेवकांचे फेसबुकवरील लाइक तपासून त्यांवरून लिंग, वंश, राजकीय कल आणि स्वभाव यांचा अंदाज बांधता येतो, असे दाखविले. डेमोक्रॅट की रिपब्लिकन, हे ओळखण्याची अचूकता ८५ टक्के आली. हा आकडा विक्रेत्याने तुम्हाला नक्की सांगितला असेल. त्याचा अर्थ मात्र सांगितला नसेल. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन अशी जोडी समोर ठेवली, तर कोण कोणता ते १०० पैकी ८५ जोड्यांत बरोबर ओळखता आले, असा तो अर्थ आहे. तुमच्याकडे मुलाखतीला येणारा उमेदवार जोडीने येत नाही, आणि तुम्हाला त्याचा पक्ष नव्हे, त्याचे काम हवे आहे.

स्वभावाच्या बाबतीत २०१५ चा अभ्यास अधिक उपयोगी आहे. ८६,२२० स्वयंसेवकांनी स्वतःविषयी भरलेली प्रश्नावली ही कसोटी मानून, लाइकवरून यंत्राने म्हणजे संगणकाने बांधलेला आणि मित्रांनी बांधलेला अंदाज तिच्याशी ताडून पाहिला गेला. यंत्राचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५६ आला आणि मित्रांचा ०.४९. दहा लाइक हाती असले तर यंत्र कचेरीतल्या सहकाऱ्याच्या पुढे जाते आणि सुमारे ३०० असले तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बरोबरीला येते, हा निष्कर्ष तेव्हा जगभर गाजला. परंतु सहसंबंधाचा वर्ग केल्याशिवाय त्याचे खरे वजन कळत नाही. ०.५६ चा वर्ग सुमारे ०.३१ होतो, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम एकतृतीयांश फरकाचा उलगडा झाला आणि उरलेला दोनतृतीयांश तसाच राहिला. हजारो लोकांच्या गटाविषयी बोलताना हे यश मोठे आहे. एका व्यक्तीची नोकरी त्यावर ठरविणे हा वेगळा व्यवहार आहे. शिवाय ते लाइक गाण्यांपासून खाद्यपदार्थांपर्यंत सर्व प्रकारचे होते, केवळ राजकीय पोस्ट नव्हत्या. चारचौघांना दाखविण्यासाठी लिहिलेल्या राजकीय पोस्टपेक्षा सहज म्हणून दिलेला लाइक अधिक बोलका असू शकतो, असे मला वाटते.

भाषेची अडचण तर वेगळीच. शब्द मोजून स्वभाव सांगणारी बहुतेक साधने इंग्रजी लेखनावर घडविली गेली. आपल्या नागपुरात ‘काऊन बे, कुठं मेला होतास?’ हे वाक्य ज्याच्यावाचून करमत नाही अशा मित्रासाठी राखून ठेवलेले असते. ते यंत्राला कोणत्या रकान्यात टाकावेसे वाटेल, याची कल्पना करून पाहा.

तुम्हाला तुमचा अहवाल तंतोतंत का वाटला, याचे उत्तर १९४९ साली बर्ट्रम फोरर यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्गातील एका प्रयोगात आहे. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा स्वतंत्र अहवाल’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्या अहवालाच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला कागद एकच होता आणि त्यातली वाक्ये फोरर यांनी बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. ‘इतरांनी आपले कौतुक करावे असे तुम्हाला मनापासून वाटते’ हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? तुमच्या वरिष्ठांना एवढेच सुचवा, की दहा कर्मचाऱ्यांचे अहवाल काढावेत, नावे खोडावीत, आपापला अहवाल ज्याचा त्याने ओळखावा आणि मग खरेदीचे ठरवावे.

कायद्याविषयी थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळली आहे. त्यामुळे विक्रेता ‘हे कायदेशीरच आहे’ असे म्हणू शकेल. करार करण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाने एवढे पाहावे, की सॉफ्टवेअर खरोखर सार्वजनिक माहितीवरच थांबते, की मित्रयादी आणि बंद ग्रुपमध्येही शिरते. केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण हे दुसऱ्या प्रकारचे होते. एका चाचणीचे ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले, पण त्यांच्या मित्रांसह ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच २०१८ मध्ये मान्य केली. भारतात ते ॲप घेणारे ३३५ होते आणि झळ पोहोचू शकणारे सुमारे ५ लाख ६२ हजार.

माझी खरी हरकत मात्र कायद्याच्या पलीकडची आहे. या शहरात दीक्षाभूमीवरचे छायाचित्रही पोस्ट होते आणि संघाच्या पथसंचलनातलेही. त्यांतले एखादे निवड करणाऱ्याच्या नजरेस पडले, की त्याला उमेदवाराचा स्वभाव दिसण्याआधी त्याचा समाज दिसतो, आणि एकदा दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी करता येत नाही. मुलाखतीच्या टेबलावर आडनावापासून सुटका नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग त्यात आणखी भर कशाला घालायची?

प्रश्न : उजव्या विचारांच्या आणि डाव्या विचारांच्या माणसांचे स्वभावच वेगळे असतात, असे स्पर्धा परीक्षेच्या एका टिपणात वाचले. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, धंतोली

उत्तर : काही प्रमाणात खरे आहे, आणि हे प्रमाण तुझ्या टिपणात दिलेले नसेल. डॅना कार्नी, जॉन जोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या अनुभवांची ओढ उदारमतवादी लोकांत काहीशी अधिक आणि शिस्त व नीटनेटकेपणा परंपरावादी लोकांत काहीसा अधिक, असे आढळले. हे सर्व अमेरिकेतले, आणि सरासरीचे.

या क्षेत्रात किती जपून वाचावे लागते, याचे एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. २०१२ साली एका प्रतिष्ठित राज्यशास्त्रीय नियतकालिकात स्वभाव आणि राजकीय विचार यांच्या संबंधावर एक लेख आला. त्यात कोणते स्वभावगुण परंपरावाद्यांचे आणि कोणते उदारमतवाद्यांचे, हे आकडेवारीनिशी दाखविले होते. २०१६ मध्ये त्याच लेखकांना दुरुस्ती छापावी लागली, कारण राजकीय मतांचे संकेतांक उलटे भरले गेले होते. ज्यांच्या माथी जे मारले होते, ते बरोबर विरुद्ध बाजूचे निघाले. गुणांचा संबंध मतांशी आहे, पण एक दुसऱ्याचे कारण नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा या चुकीने ढळत नाही, असे लेखकांचे म्हणणे होते आणि ते ग्राह्य धरता येईल. मला गंमत वेगळीच वाटते : ती चार वर्षे उलटा निष्कर्ष वाचूनही बऱ्याच जणांना तो पटण्याजोगा वाटला होता.

आणि आपल्याकडे हा उजवा-डावा गज लावायचा तरी कोठे? वेगळ्या विदर्भाचा प्रश्न घे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण ती प्रत्यक्षात आली नाही. तेव्हापासून या मागणीचे समर्थक जवळपास प्रत्येक पक्षात आहेत आणि विरोधकही आहेत. विदर्भवादी पोस्ट टाकणाऱ्याला नव्याची ओढ असलेला म्हणावे, की जुन्या मध्य प्रांताच्या राजधानीची आठवण जपणारा म्हणावे? परीक्षेत हा प्रश्न आला तर टिपणातले उत्तर लिही, कारण गुण त्यालाच मिळतील.

प्रश्न : एका मोठ्या नेत्याचे (नाव पत्रात आहे) गेल्या महिन्यातील सर्व ट्विट पाठवीत आहे. हा माणूस मानसिकदृष्ट्या स्थिर आहे का, ते कृपया सदरातून जाहीरपणे सांगावे.
— एक जागरूक नागरिक, सदर

उत्तर : सांगणार नाही. १९६४ साली अमेरिकेतील एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविषयी १२,००० हून अधिक मानसोपचारतज्ज्ञांना असाच प्रश्न पाठविला होता. उत्तर देणाऱ्या २,४१७ जणांपैकी १,१८९ जणांनी, त्यांना न भेटता, ते पदास अपात्र असल्याचे कळविले. गोल्डवॉटर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावून तो जिंकला आणि १९७३ मध्ये तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देऊ नये, असा नियम केला. त्यातून, मोठ्या नेत्याचे खाते अनेकदा पगारी मंडळी सांभाळतात. आपण पाठविलेल्या ट्विटांवरून फार तर त्या मंडळींच्या कामाच्या वेळा सांगता येतील.

प्रश्न : आम्ही १९७८ च्या मॅट्रिकच्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे. त्यात माझा बाकावरचा सोबती आहे. निवृत्तीपासून तो पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि रात्रीपर्यंत राजकीय फॉरवर्ड टाकत राहतो; कोणी हरकत घेतली की त्याच्यावर तुटून पडतो. दोघांनी ग्रुप सोडला. हाच माणूस माझ्या पत्नीच्या आजारपणात रात्री दोन वाजता स्कूटर घेऊन दवाखान्यात आला होता. मला एकच सांगा : तो मुळात असाच होता आणि आम्हाला चाळीस वर्षे कळला नाही, की तो बदलला?
— एक निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. आपला प्रश्न ‘हा की तो’ असा आहे आणि मला त्यातील कोणतीच बाजू पूर्णपणे घेता येत नाही.

पडद्याआड गेले की सज्जन माणसेही बेताल होतात, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे, की तिच्या विरुद्ध बोलले तर लोक चकित होतात. अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका आणि डेन्मार्कमधील ८,००० हून अधिक लोकांची पाहणी केली. राजकीय चर्चेत ऑनलाइन आक्रमक असणारी माणसे समोरासमोरही बहुधा तितकीच आक्रमक असतात, असे त्यांना दिसले; फरक एवढाच, की ओसरीवर तोंड सोडणारा चौघांना ऐकू येतो आणि ग्रुपवरचा सगळ्यांना. त्या हिशेबाने आपल्या मित्राचा हा कंगोरा पूर्वीही असू शकेल. शाळेच्या बाकावर आणि पुढच्या भेटीगाठींत राजकारणाचा विषय किती वेळा निघाला होता, ते आठवून पाहा. माणसाचा एखादा कोपरा चाळीस वर्षे आपल्या वाटेतच आला नाही, असेही होते, आणि त्यात फसवणूक कोणाचीच नसते.

पण सवय घडते, हेही तितकेच खरे. ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ७,३३१ जणांची सुमारे १ कोटी २७ लाख ट्विटे तपासली, तेव्हा संतापाच्या ट्विटाला ज्यांना लाइक आणि शेअर अधिक मिळाले, त्यांच्या पुढच्या लेखनात संताप वाढलेला दिसला. आपला मित्र निवृत्त झाला आणि दिवसभरात त्याला ‘हो साहेब’ म्हणणारे कोणी उरले नाही. पहाटे साडेपाचच्या फॉरवर्डला सहा वाजता पाच अंगठे आणि दोन हात जोडलेली चिन्हे येत असतील, तर त्याच्या दिवसाची सुरुवात तेथून होते. ते अंगठे कोणाचे आहेत, ते एकदा ग्रुपमध्ये पाहा. त्यात आपलाही आहे का, हे मी विचारत नाही.

आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, कोणा ना कोणा पुढाऱ्याची करणी, सगळ्यांचे पुतळे होतात, त्यांच्यावर लिहिलेले फलक एखाद्या फॉरवर्डला लाजवतील असे असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सारी इतवारी ओरडते. बडगा बनविणाऱ्याचा स्वभाव कसा असेल, असा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. तो एक दिवस आहे आणि ती एक भूमिका आहे, हे सगळ्यांना माहीत असते. शिवाय मिरवणूक संपली की बडगे जाळले जातात. ग्रुपला तान्हा पोळा रोजच असतो आणि काही जळत नाही. आपण मागे जाऊन तेच तेच वाचत राहतो. आपण त्याच्या फॉरवर्डची मोजदाद केल्याचे लिहिले आहे, एका आठवड्यात ६३. त्यांतले त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले किती, हेही मोजले असते तर मला मदत झाली असती.

रात्री दोनची स्कूटर ही आपल्याकडची दुसरी नोंद आहे. ती ६३ फॉरवर्डना रद्द करीत नाही आणि ते तिला रद्द करीत नाहीत. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांशी तो ज्या भाषेत बोलला, ती त्याचीच होती आणि त्याबद्दल त्याला मित्र म्हणून सुनवायला हरकत नाही, पण ते ग्रुपवर नको. तेथे प्रेक्षक आहेत आणि प्रेक्षकांसमोर तो हरणार नाही. त्याला सकाळी तर्रीपोहे खायला बोलवा, साडेपाचलाच. नाही तरी तो जागा असतो. ‘बावा, तू त्या दोघांना असं बोलायला नको होतं,’ एवढेच म्हणा आणि पक्षाचे नाव काढू नका. त्यावर तो काय म्हणाला, ते मला अवश्य कळवा. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात असेल, निदान अर्धे तरी.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पावसात आमच्या वस्तीत गुडघाभर पाणी साचले, तेव्हा मी उपहासाने लिहिले, ‘घरपोच जलतरण तलावाची सोय केल्याबद्दल प्रशासनाचे शतशः आभार.’ निम्म्या लोकांनी मला सरकारचा भाट म्हटले आणि माझ्या आत्याने खरेच अभिनंदन केले. मी एवढा नीट न कळणारा माणूस आहे का?
— एक विद्यार्थी, नरेंद्रनगर

उत्तर : तू ठीक आहेस, तुझे वाक्यही बरे आहे, त्यातला आवाज मात्र फक्त तुलाच ऐकू येत होता. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजून पाहिले आहे. उपहासाची आणि गंभीर वाक्ये ईमेलने पाठविणाऱ्यांना वाटत होते, की वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात ते प्रमाण ५६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडविण्यापेक्षा किंचित बरे. तीच वाक्ये आवाजात ऐकविली तेव्हा ७३ टक्के वेळा ओळखली गेली.

पुढच्या वेळी टाकण्याआधी पोस्ट धाकट्या भावाला सपाट आवाजात, बातम्यांसारखी वाचायला लाव. ती तशी वाचल्यावर आभारच वाटली, तर साचलेल्या पाण्याचा फोटो सोबत जोड आणि ‘शतशः’ काढून टाक. आणि आत्याला फोन कर. तिला अजूनही वाटत असेल, की तुमच्याकडे तलाव झाला.